धायटीचं फूल उलगडून पाहू या

 

माघ सरत आला की आपल्याकडच्या टेकड्यांवर दोन झाडं रंगतात. एक पळस. तो उंच असतो, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो, त्याचं कौतुक सगळेच करतात. दुसरी धायटी. ती झुडूप. कमरेएवढी, कुठं डोक्याच्या थोडी वर. मुरमाड उतारावर, नाल्याच्या काठावर, जंगल विरळ झालेल्या जागेवर ती पसरलेली असते आणि तिच्या फांद्या लाल झुपक्यांनी लगडलेल्या असतात. आपल्यातल्या कितीतरी बाया दर वर्षी टोपलं घेऊन हे फूल तोडायला जातात. वाळवतात, पोत्यात भरतात, विकतात. म्हणून आजचं बोलणं या झुडपावर. त्याचं पान कसं, फूल कसं, बी कुठं असतं, एवढंच सांगायचं आहे. पण ते नीट कळलं तर भाव कशानं पडतो आणि काही टेकड्यांवर धायटी कमी का होत चालली, तेही आपोआप कळेल.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण धायटी म्हणतो, कुणी धायफूल म्हणतं, व्यापारी धवईफूल म्हणतो आणि वैद्य धातकी म्हणतात. हे सगळं एकच. संस्कृतात तिला ताम्रपुष्पी, वह्निपुष्पी अशीही नावं आहेत, म्हणजे तांब्यासारखं किंवा विस्तवासारखं फूल असलेली. पण धावडा वेगळा. ज्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो तो धावडा मोठा वृक्ष आहे. त्याचं आणि धायटीचं नाव जवळचं असलं तरी कूळ जवळचं नाही. बैठकीत हा गोंधळ आम्ही दर वेळी ऐकतो, म्हणून आधी सांगितलं.

धायटीचं खरं कूळ मेंदीचं. शास्त्रज्ञ झाडांची घराणी लावतात ती उंची बघून किंवा पान बघून लावत नाहीत, मुख्यतः फूल आणि फळ बघून लावतात. मेंदीच्या घराण्यात धायटी आहे, डाळिंब आहे, आपल्या राज्याचं फूल म्हणून ज्याला मान आहे ते तामण आहे, आणि ऐकून नवल वाटेल, पण तळ्यातला शिंगाडासुद्धा आहे. एक कुंपणाला, एक बागेत, एक पाण्यात आणि एक आपल्या टेकडीवर. माहेर एकच, सासरं वेगवेगळी. या घराण्याची एक खूण आहे, ती पुढं फुलाकडे गेलो की डाळिंब हातात धरून सांगतो.

आता झुडूप पाहू. धायटीला एक मोठं खोड नसतं. बुडापासूनच बऱ्याच फांद्या निघतात, त्या लांब वाढतात आणि कमानीसारख्या बाहेर झुकतात. साल गुळगुळीत, दालचिनीच्या रंगाची, आणि तिचे पातळ पापुद्रे, दोरे सुटतात. पानं समोरासमोर येतात, म्हणजे एका पेरावर या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. कधी कधी एका पेरावर तीन पानंही दिसतात. पान भाल्याच्या पात्यासारखं, बोटाएवढं लांब, टोकाकडे निमुळतं. त्याला देठ जवळजवळ नसतोच. पानाचं बूड गोलसर होऊन थेट फांदीला चिकटतं. वरची बाजू हिरवी, खालची पांढुरकी, मऊ लव असलेली.

आणि पक्की खूण अशी: पान उलटं करून उजेडात धरा. खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसतात. नुसत्या डोळ्यांना दिसले नाहीत तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा. हे ठिपके म्हणजे रोग नाही, मावा नाही. त्या पानातल्या ग्रंथी आहेत. फुलं नसताना, पावसाळ्यातसुद्धा, या ठिपक्यांवरून धायटी ओळखता येते.

हे एवढं बारकाईनं सांगण्याचं कारण म्हणजे फुलं नसली की दोन झुडपं नव्या बाईला फसवतात. एक मुरुडशेंग. तिलाही लालसर फूल येतं, पण तिचं पान रुंद आणि खरखरीत असतं, ते समोरासमोर नसून एकाआड एक येतं, आणि शेंग तर दोरीसारखी पिळलेली असते. दुसरी टणटणी, म्हणजे आपल्याकडे बरेच जण जिला रायमुनिया म्हणतात ती. तिचंही पान समोरासमोर असतं, पण चुरगाळलं की उग्र वास येतो, फांदी चौकोनी असते आणि तिला काटे असतात. धायटीला काटा नाही. टणटणी आपल्या देशाची नव्हे, अमेरिका खंडाच्या बाजूनं शोभेसाठी आणलेली, आणि आता ती जिथं तिथं माजली आहे. धायटी मात्र इथलीच.

आता फूल. एक फूल तोडून तळहातावर घ्या. आपण ज्याला लाल पाकळी समजतो ती पाकळी नाही. फुलाचा जो लाल भाग दिसतो तो एक लांबट, थोडा वाकडा पेला आहे, साधारण एक ते दीड सेंटिमीटर लांब. कळी असताना फुलाला बाहेरून झाकणारं जे आवरण असतं ना, गुलाबाला हिरवं असतं, जास्वंदाला हिरवं असतं, तेच हे. शास्त्राच्या पुस्तकात त्याला निदलपुंज म्हणतात. आपण पेलाच म्हणू. इतर झाडांत हा पेला हिरवा आणि दुय्यम, मिरवायचं काम पाकळ्यांचं. धायटीत उलटं आहे. पेल्यानंच लाल रंग घेतला आणि पाकळ्या मागं राहिल्या.

पाकळ्या कुठं आहेत मग? पेल्याच्या तोंडाला सहा दात असतात. त्या दातांच्या मधल्या फटीत बघा, सहा बारीक पाकळ्या सापडतील. फिक्या गुलाबी किंवा पांढुरक्या, कागदासारख्या पातळ, दातापेक्षा जेमतेम वर आलेल्या. नखानं ओढली तर एक निघून येते. आमच्या एका बैठकीत वीस बाया होत्या, जंगलात जाणाऱ्याच सगळ्या. ही पाकळी आधी पाहिलेली एकही निघाली नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही. ती दिसावी अशी झाडाचीच इच्छा नसावी.

पेल्यातून जे लाल दोरे बाहेर लोंबतात ते पुंकेसर. मोजा, बारा असतात. प्रत्येकाच्या टोकाला तपकिरी गोलसर गाठ, तिच्यात पराग. सगळ्यांहून लांब एकच दोरा असतो, तो मादीचा भाग. त्याच्या मुळाशी, पेल्याच्या पोटात, बीजकोश असतो. म्हणजे एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही. अशी फुलं दोनपासून पंधरापर्यंत एका झुपक्यात येतात आणि झुपके फांदीभर पानांच्या बगलेत लागतात. फुलांच्या दिवसांत फांदीवरची बरीच पानं गळालेली असतात, म्हणून अख्खी फांदी लाल दिसते.

आता डाळिंब आठवा. डाळिंबाच्या डोक्यावर मुकुट असतो. तो मुकुट म्हणजे डाळिंबाच्या फुलाच्या याच पेल्याचे दात. फूल गेलं, पाकळ्या गळाल्या, फळ वाढलं, तरी पेला गळाला नाही, मुकुट होऊन बसला. मेंदीच्या फळाच्या बुडाशीही तो राहतो. ही त्या घराण्याची खूण. धायटीतही पेला गळत नाही. पाकळ्या जातात, पुंकेसर वाळतात, पण लाल पेला फांदीवर तसाच राहतो आणि त्याच्या आत बोंड तयार होतं. बोंड बारीक, पातळ सालीचं, दोन फाकांत उकलणारं, आणि त्यात पुष्कळ बारीक तपकिरी बिया.

आपल्या धंद्याची सगळी मेख इथं आहे. आपण म्हणतो, फूल पंधरा दिवस झाडावर टिकतं, महिनाभर टिकतं, केव्हाही तोडलं तरी चालतं. टिकतं ते फूल नसतं. पहिल्या दिवसांत आपण तोडतो ते फूल असतं, आणि नंतर तोडतो ते बियांची पिशवी असते. दोन्ही दिसायला लाल, म्हणून फरक कळत नाही. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत टेकडीवरचा प्रत्येक लाल पेला जर पोत्यात गेला, तर त्या वर्षी त्या टेकडीवर धायटीचं एकही बी पडत नाही. जुनं झुडूप बुडातून फुटत राहतं, म्हणून दोन-चार वर्षं काही जाणवत नाही. पण जुनी झुडपं वणव्यात, कुऱ्हाडीत, वयानं जातात आणि त्यांच्या जागी नवं रोप नसतं. मग त्या जागेवर रायमुनिया येते. आमच्या भागातल्या दोन-तीन उतारांवर असंच झालेलं म्हाताऱ्या बाया बोट दाखवून सांगतात.

पेला लाल का झाला, याचंही उत्तर आहे. फूल लाल, नळीसारखं, आत पातळ गोड रस, हा थाट पाखरांसाठी आहे. सकाळी धायटीजवळ शांत बसा. शिंजीर येतो, चिमणीहून लहान, वाकड्या चोचीचा, नर असेल तर उन्हात जांभळा चमकणारा. चोच पेल्यात घालतो, रस पितो आणि बाहेर लोंबणाऱ्या पुंकेसरांचा पराग डोक्याला लावून पुढच्या झुडपावर जातो. मधमाश्याही येतात. उन्हाळ्याच्या तोंडाला वावरात काही फुललेलं नसतं, तूर निघालेली, कपाशी उपटलेली. तेव्हा माश्यांना धायटीचा आणि पळसाचाच आधार. पोरंसुद्धा फूल उपटून बुडाकडून चोखतात, आपणही चोखलेलंच आहे.

चोखताना गोड लागतं, पण तेच फूल चावलं तर जिभेला तुरट लागतं, तोंड आवळतं. हिरडा, सुपारी, जांभळाची बी यांत जो तुरटपणा असतो तोच. त्या द्रव्याला टॅनिन म्हणतात. धायटीच्या फुलात ते भरपूर असतं, पानातही असतं. पूर्वी कातडं कमवायला आणि कापड रंगवायला ते वापरत. फुलं पाण्यात उकळून, तुरटी घालून कापडाला तांबूस-गुलाबी रंग देता येतो. एखाद्या गटाला करून बघायचं असेल तर एक ध्यानात ठेवा: लोखंडाच्या कढईत उकळू नका. आवळा विळ्यानं चिरला की काळा पडतो ना, तसा हा रंग लोखंड लागताच काळपट होतो. जर्मनचं नको, स्टीलचं किंवा मातीचं भांडं घ्या.

पण आपलं फूल जातं ते मुख्यतः औषधाच्या कारखान्यात. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देतात, अंगावरून जास्त जात असेल तर वैद्य अशोकारिष्ट सांगतात. या बाटल्या आपल्यापैकी बऱ्याच घरांत आलेल्या आहेत. त्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, धातकी किंवा धायफूल हे नाव सापडेल. अरिष्ट आणि आसव ही औषधं आंबवून करतात. काढ्यात गूळ घालतात आणि धायटीची फुलं घालतात, मग भांडं बंद करून ठेवतात. फुलातल्या गोड रसाबरोबर डोळ्यांना न दिसणारे किण्व येतात, इडलीचं पीठ फुगवणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद म्हणा. ते गुळाची साखर खातात आणि औषध आंबतं. त्यात जो थोडा मद्यांश असतो तो बाहेरून घातलेला नसतो, भांड्यातच तयार होतो, आणि त्यामुळं औषध टिकतं. आपण टेकडीवरून आणलेलं फूल आणि बाळंतिणीच्या उशाशी असलेली बाटली, यांचा असा संबंध आहे. मात्र यावरून घरी काढा करून कुणाला पाजायच्या भानगडीत पडू नका, गरोदर बाईला तर मुळीच नाही. ते वैद्य-डॉक्टरांचं काम.

कारखान्याला काय हवं असतं ते आता तुम्हीच सांगू शकाल. त्याला फूल हवं, रसाचं आणि तुरट. पान नको, काडी नको, माती नको, आणि बोंड फुटून रिकामा झालेला पेलाही नको. गेल्या हंगामात आमच्या काही बायांचं पोतं व्यापाऱ्यानं उघडलं, हात आत घातला आणि मूठभर काड्या वर काढून दाखवल्या. तेवढ्यावर सगळ्या पोत्याचा भाव पाडला. काड्या आल्या कशा? फांदी मोडून घरी आणली आणि ओट्यावर बसून ओरबाडली म्हणून. उन्हात टेकडीवर उभं राहून एकेक झुपका खुडण्यापेक्षा हे सोपं वाटतं, आम्हालाही कळतं. डोक्यावर ऊन असतं, घरी लेकरू असतं. पण त्यात दोनदा नुकसान आहे. फुलात काडी येते, आणि ज्या लांब फांदीवर पुढं झुपके लागायचे ती फांदीच जाते. मोडलेलं झुडूप बुडातून नवे फुटवे काढतं खरं, पण त्याचा जोर त्यातच जातो.

म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय: फूल उमललेलं आणि पुंकेसर ताजे लाल असतील तोवरच तोडायचं. पुंकेसर वाळले आणि पेला पोटाशी टणक लागला की हात लावायचा नाही, ते बी आहे. शिवाय प्रत्येक झुडपावर तिसरा हिस्सा झुपके राखायचे, आणि नाल्याच्या काठावरचं झुडूप तर अख्खं सोडायचं, कारण तिथली माती त्याच्याच मुळांनी धरलेली आहे. हा तिसरा हिस्सा कुठल्या पुस्तकातला नाही. बायांनी बसून, भांडून ठरवलेला आहे. तुमच्या गावात चौथा हिस्सा ठरला तरी चालेल, पण काहीतरी ठरलेलं असावं.

वाळवताना फूल सावलीत, स्वच्छ फडक्यावर पातळ पसरावं. कडक उन्हात रंग उडतो, तसा तो थोडा उडतोच. सुपात पाखडून कचरा काढावा. पूर्ण वाळल्याशिवाय पोतं बांधू नये, आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच भरू नये, आतून बुरशी धरते.

भावाचंही थोडं बोलू. वाळलेलं धवईफूल सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या वनोपज यादीत आहे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं त्याचा दर किलोला ३२ रुपयांवरून ३७ रुपये केला. आता चालू दर काय आहे, तो आदिवासी विकास महामंडळाच्या कार्यालयात किंवा जवळच्या वन धन केंद्रात विचारून मगच व्यापाऱ्याशी बोलावं. दर विचारायला लाजू नये. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे; धायटीचं फूल त्यातच येतं. तुमच्या गावाचा सामूहिक दावा मंजूर आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारा. अभयारण्याच्या हद्दीत मात्र फुलांसाठी शिरू नका. टिपेश्वरच्या बाजूला वाघ आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

एक प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो: ताई, धायटी वावराच्या बांधावर लावता येईल का? येईल. मे महिन्याच्या सुमारास राखून ठेवलेल्या झुडपावरचे वाळके पेले कागदावर झटका, बी पडेल. ते इतकं बारीक असतं की फुंकर मारली तर उडून जातं. खोल पेरलं तर वर येत नाही. बारीक रेतीत मिसळून, मातीच्या वरवर टाकून, वरून नुसतं दाबायचं, आणि पाणी झारीनं द्यायचं, धार सोडायची नाही. पहिल्या पावसाच्या आधी पिशव्यांत टाकलं तर पुढच्या पावसाळ्यात बांधावर लावण्याजोगं रोप होतं. रोपाला जोडीनं पानं फुटली की पान उलटं करून काळे ठिपके तपासा, नाहीतर वर्षभर रायमुनियाला पाणी घालत बसाल.

आणि या हंगामात प्रत्येक गटानं एक काम करावं. पाच किलो ओलं फूल मोजून घ्यावं, सावलीत वाळवावं, पाखडावं आणि पुन्हा मोजावं. ओल्याचं वाळून किती उरलं, ते गटाच्या वहीत तारखेसह लिहावं. लवकर तोडलेल्या फुलाचं वेगळं, उशिराच्या फुलाचं वेगळं. व्यापारी ओलं फूल मागायला आला की ती वही समोर ठेवा आणि मग भाव बोला.